ग्रँट डफ, मोल्सवर्थ, आपटे, काणे, कुक : पुनर्मुद्रण घ्यायचं तर नेमकं कोणतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. निवृत्तीनंतर घरी निवांत वाचायला आणि संदर्भाला पाच ग्रंथ घ्यायचेत : ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, आपट्यांचा संस्कृत कोश, काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास आणि झाडांचा नाद असल्यामुळे कुकचं फ्लोरा, म्हणजे इथल्या वनस्पतींच्या वर्णनाचा ग्रंथ. ऑनलाइन शोधलं की प्रत्येकाच्या पाच-सहा आवृत्त्या समोर येतात, कव्हर वेगवेगळी, किंमत चारशेपासून चार हजारांपर्यंत, सगळ्यांखाली 'क्लासिक रीप्रिंट' असं लिहिलेलं, आणि वर यातल्या बऱ्याच गोष्टी पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मग पैसे घालायचे का, आणि घालायचे तर कशात.

मी पुण्यात बरीच वर्षं जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणाचंच काम करतोय, म्हणजे मूळ प्रत मिळवायची, स्कॅन करायची, पानं साफ करायची, छापून-बांधून घ्यायची, आणि मधूनमधून ग्रंथालयांना खरेदीतही मदत करतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही किमतीपासून सुरुवात केलीत, पण खरी अडचण किमतीची नाहीये. खरी अडचण ही की त्या ऑनलाइन यादीवरून आत नेमका कोणता मजकूर छापलाय हे कळतच नाही. पुनर्मुद्रण या एकाच नावाखाली बाजारात तीन-चार अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे जुन्या प्रतीचे फोटो घेऊन जसंच्या तसं छापलेलं, ज्यात मूळचा टाइप, मूळचे पानक्रमांक, मूळच्या चुकासुद्धा तशाच असतात. दुसरं नव्याने टाइप करून जुळवलेलं. तिसरं म्हणजे कुणीतरी जाणकाराने सुधारून, भर घालून काढलेली आवृत्ती, जिला खरं तर पुनर्मुद्रण म्हणायलाच नको पण दुकानदार सर्रास म्हणतात. आणि चौथा प्रकार गेल्या काही वर्षांत फोफावलाय, इंटरनेटवरची फुकट स्कॅन उतरवून घ्यायची, तिच्यावर एक रंगीत कव्हर चढवायचं आणि ऑर्डर आली की एकेक प्रत छापून पाठवायची. चौथ्या प्रकारात सगळंच वाईट असतं असं मी म्हणणार नाही, पण ती स्कॅन छापण्याआधी कुणी एकदा तरी पानं उलटून बघितली होती का, हा प्रश्न तिथे नेहमीच उरतो.

म्हणून माझा नियम सरळ आहे. पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी कळल्याच पाहिजेत : हे कुठल्या सालच्या, कितव्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे, आणि ते पूर्ण आहे का. विकणाऱ्याला एवढंच विचारा. ज्याला सांगता येतं त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही, आणि जो 'ओरिजिनल क्लासिक आहे सर' एवढंच म्हणत राहतो त्याच्यापुढे हात जोडा.

आवृत्तीने काय फरक पडतो ते तुमच्याच यादीतून सांगतो. मोल्सवर्थचा कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला आणि दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. पहिल्यात सुमारे ४० हजार शब्द, दुसऱ्यात सुमारे ६० हजार. कव्हरवर दोन्हीकडे मोल्सवर्थच लिहिलेलं असणार, पण १८३१ची स्कॅन छापून कुणी तुमच्या गळ्यात मारली तर एक तृतीयांश कोश घरी आलाच नाही असं समजा. १८५७च्या आवृत्तीचंच पुनर्मुद्रण १९७५ साली पुण्यातून शुभदा-सारस्वतने काढलं होतं आणि मराठी वाचकांच्या पिढ्या त्याच्यावर पोसल्यात. त्याची जुनी प्रत अप्पा बळवंत चौकात किंवा एखाद्या संग्रहाच्या विक्रीत मिळाली, बांधणी धड असेल, तर डोळे झाकून घ्या.

आपट्यांच्या बाबतीत गोंधळ जास्त आहे. वामन शिवराम आपट्यांचा मोठा संस्कृत-इंग्रजी कोश १८९०चा, आणि त्यांचाच विद्यार्थ्यांसाठीचा छोटा कोश वेगळा. पुढे आपट्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी पुण्याच्याच प्रसाद प्रकाशनाने परशुराम कृष्ण गोडे आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखाली १९५७ ते १९५९ मध्ये तीन खंडांत सुधारून वाढवलेली आवृत्ती काढली. म्हणजे 'आपटे डिक्शनरी' म्हणून तीन वेगळी पुस्तकं फिरतायत आणि ऑनलाइन फोटोत तिन्हींची कव्हर बघून काही कळत नाही. रोजच्या वाचनाला, रघुवंश-शाकुंतल वाचताना अडलेला शब्द बघायला, १८९०वाला एका खंडातला पुरतो. पण तुम्ही लिहिलंय की पुराणं आणि स्मृतिग्रंथ मुळातून वाचायचेत, मग तीन खंडी आवृत्तीच शोधा, तिच्यात अर्थ आणि वाङ्मयातले दाखले बरेच जास्त आहेत. एकदोन दुकानांत विचारताना 'तीन खंडांतला, गोडे-कर्वे' असं नाव घेऊन विचारा, नाहीतर हटकून छोटा पुढे करतात.

काण्यांचा मामला आणखी वेगळा. भारतरत्न पां. वा. काण्यांचा हा ग्रंथ भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९३० पासून १९६२ पर्यंत पाच खंडांत काढला, त्यातले काही खंड परत भागांत विभागलेले. पण पहिला खंड काण्यांनी नंतर पुन्हा लिहून काढल्यासारखा वाढवला आणि ती सुधारलेली आवृत्ती दोन भागांत आली, १९६८ आणि १९७५ मध्ये. इंटरनेटवर पहिल्या खंडाची जी स्कॅन सहज सापडते ती बऱ्याचदा १९३०ची असते. धर्मशास्त्रातल्या ग्रंथांच्या काळाबद्दल काण्यांचं नंतरचं मत काय झालं हे तिच्यात नाही, आणि कुणी १९३०चं पान उद्धृत करून 'काणे असं म्हणतात' असं लिहिलं की वाद उगाच सुरू होतो. हे मी पुष्कळदा बघितलंय, चांगल्या अभ्यासू लोकांमध्येसुद्धा.

काण्यांबाबत कायद्याचा मुद्दाही आहे. आपल्याकडे लेखक वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. काणे १९७२ साली गेले, म्हणजे २०३२ संपेपर्यंत हा ग्रंथ वाटेल त्याने छापायचा नाहीये. भांडारकर संस्था स्वतः त्याची पुनर्मुद्रणं काढत आलीय, तेव्हा लॉ कॉलेज रोडला चक्कर मारा, प्रकाशन विभागात कोणते खंड शिल्लक आहेत ते विचारा आणि तिथूनच घ्या. पैसे योग्य ठिकाणी जातात आणि खंडाचा घोळही होत नाही. उलट रियासतकार सरदेसाई १९५९ साली गेले आणि 'पानिपत'वाले शेजवलकर १९६३ साली, त्यांची मूळ पुस्तकं आता कुणीही छापू शकतो, त्यामुळे तिथे बऱ्यावाईट आवृत्त्यांची गर्दी आहे आणि ती वाढणार. फक्त लक्षात ठेवा, मूळ मजकूर खुला झाला तरी त्याला नव्याने जोडलेली प्रस्तावना, टीपा, भाषांतर यांचा हक्क ज्याचा त्याचा असतो.

आता ग्रँट डफ. पहिली आवृत्ती लंडनची, १८२६, तीन खंड. नंतर १९२१ साली एस. एम. एडवर्ड्सने प्रस्तावना आणि टीपा घालून ऑक्सफर्डकडून दोन खंडांत काढली. आता गंमत बघा, बाजारात 'खंड १' आणि 'खंड २' असा जोड म्हणून जे विकलं जातं त्यात कधी दोन्ही १९२१चे असतात, आणि कधी तीन खंडांपैकी पहिले दोनच असतात आणि तिसऱ्याचा पत्ताच नसतो. उत्तर पेशवाई आणि इंग्रजांबरोबरचं शेवटचं युद्ध, म्हणजे पुणेकराला ज्यात सगळ्यात जास्त रस, तेच गायब. माझ्या ओळखीच्या एका ग्रंथालयात ऑनलाइन मागवलेल्या संचात दुसऱ्या खंडाच्या कव्हरच्या आत परत पहिलाच खंड निघाला होता आणि ते लक्षात यायला दोन वर्षं गेली, कारण कव्हर नवंकोरं म्हणून कुणी उघडून बघितलंच नव्हतं. तुम्ही वाचणार आहात म्हणून माझा सल्ला एडवर्ड्सच्या टीपांची १९२१ची आवृत्ती घ्या. डफच्या चुका नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांपासून आपल्याकडे सगळ्यांनी दाखवल्यात, नंतर राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने बाहेर काढली आणि चित्रच पालटलं, तेव्हा नुसता १८२६चा कोरा मजकूर वाचण्यापेक्षा शेजारी टीपा असलेल्या बऱ्या. पण डफने नेमकं काय लिहिलं होतं हेच तपासायचं असेल, लेख लिहायचा असेल, तर मात्र १८२६च हवी. काय करायचंय त्यावर उत्तर बदलतं, आणि हे पाचही ग्रंथांना लागू आहे.

कुकचं फ्लोरा तुमच्या यादीत बघून बरं वाटलं. थिओडोर कुक हा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य होता हे फार कमी लोकांना माहीत असतं. 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' १९०१ ते १९०८ मध्ये निघालं आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९५८ साली ते तीन खंडांत पुन्हा छापलं. त्या १९५८च्या प्रतीच लोक अजून वापरतात आणि वापराव्यात. वर्णनं अजूनही उत्तम आहेत, पण वनस्पतींची शास्त्रीय नावं तेव्हापासून बरीच बदललीयत, कुळंसुद्धा इकडची तिकडे झालीत. म्हणून कुक एकटा घेऊ नका, त्याच्या जोडीला सर्वेक्षणाचेच महाराष्ट्राच्या फ्लोराचे खंड, १९९६ पासूनचे, संदर्भाला ठेवा. कोरेगाव पार्कच्या बाजूला त्यांचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करता येते. विज्ञानाच्या जुन्या पुस्तकांचं पुनर्मुद्रण घेताना हे नेहमी बघावं लागतं, इतिहासाच्या पुस्तकात जुनेपणा हाच पुरावा असतो, तिथे तसं नाही.

आता 'पूर्ण आहे का' हे कसं तपासायचं, कारण इथेच खरी मेख आहे. आम्ही काम करताना काय करतो ते सांगतो, तुम्ही घरी पीडीएफवर किंवा हातातल्या प्रतीवर तेच करू शकता. विषम आकड्याचं पान नेहमी उजवीकडे येतं. चाळताना उजवीकडे सम आकडा दिसायला लागला की समजायचं मागे कुठेतरी एक पान गळलंय. दोन पानं चिकटून एकदम उलटली गेली तर ११३ नंतर ११६ येतं आणि हे तर फार कॉमन आहे. त्याहून चांगली खूण म्हणजे जुन्या इंग्रजी पुस्तकांत पानाच्या अगदी तळाशी एक बारीक अक्षर असतं, मजकुराशी काही संबंध नसलेलं. ती फर्म्याची खूण, फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा जुडगा. सोळा पानी फर्मा असेल तर पान १ खाली बी, पान १७ खाली सी, पान ३३ खाली डी, असं चालत जातं, जे, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरं वगळायची प्रथा होती. बायंडर फर्मे क्रमाने लावायला ती वापरायचा. ती अक्षरं ओळीने लागतायत का हे बघितलं की आठशे पानांचं पुस्तक पाच मिनिटांत तपासून होतं.

पण चित्रं आणि नकाशे यांना बऱ्याचदा पानक्रमांकच नसतो, त्यामुळे ते गेले तर या कुठल्याच खुणेने कळत नाही. त्यासाठी सुरुवातीची चित्रसूची काढायची आणि एकेक टिक करत जायचं. सगळ्यात जास्त नुकसान घडीच्या नकाशांचं होतं. मूळ पुस्तकात नकाशा चार-सहा घड्या घालून चिकटवलेला असतो, स्कॅन करणारा तो उलगडत नाही, घडीवरच फोटो घेतो, आणि मग पुनर्मुद्रणात तुम्हाला दिसतो तो एक करडा चौकोन, मागच्या रेषा पुसट उलट उमटलेल्या, कडेला एखाद्या गावाच्या नावाचा अर्धा तुकडा. १८८५चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर घ्या, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला अठरावा खंड, तीन भाग. त्यात पुण्यावर जे आहे ते पेठा, हौद, देवळं यांच्यापर्यंत बारीक आहे, आणि अशा पुस्तकात नकाशा गेला तर वाचणाऱ्याचा अर्धा जीव गेला. राज्याच्या गॅझेटियर विभागाने ते पुन्हा छापलं आणि ई-बुकही केलं, तेव्हा आधी तिकडे बघा, मग बाकीच्यांकडे.

नव्याने टाइप केलेल्या पुनर्मुद्रणांचं दुखणं वेगळं. दिसायला ती छान असतात, अक्षर मोठं, कागद पांढरा, त्यामुळे लोक तीच उचलतात. पण हल्ली पुष्कळदा स्कॅन ओसीआरमध्ये, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीत, घालून मजकूर काढतात आणि देवनागरीत घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल होत जाते. कादंबरीत वाचक आपोआप दुरुस्त करून घेतो. पण बखरीत, पत्रात, संस्कृत श्लोकात एक अक्षर बदललं की माणसाचं नाव बदलतं, गाव बदलतं, आणि कोशात तर शब्दच भलत्या जागी जातो. प्रुफं कुणी वाचली हे श्रेयनामावलीत लिहिलंय का ते जरूर बघा. नाव असेल तर निदान कुणीतरी जबाबदारी घेतलीय.

मराठी पुस्तकांत यात शुद्धलेखनाचाही भाग येतो. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले आणि उच्चारात न येणारे अनुस्वार गेले. त्याआधीची पुस्तकं 'त्यांत', 'केलें', 'नांव' अशी छापलेली. नवीन जुळणी करताना बहुतेक प्रकाशक लेखन आधुनिक करून टाकतात. सामान्य वाचनाला ते सोयीचं, मी स्वतः घरच्या मंडळींना तसलीच पुस्तकं देतो. पण भाषेचा अभ्यास करायचा असेल किंवा लेखात उतारा द्यायचा असेल तर बदललेलं लेखन म्हणजे लेखकाचं लेखन नव्हे, आणि बदल केलाय हे संपादकीयात सांगितलेलं नसेल तर ती चक्क फसवणूक आहे असं माझं मत आहे. पानक्रमांकांचंही तेच. जुन्या संशोधकांनी संदर्भ दिलेले असतात ते मूळ पानांचे. चांगला संपादक नव्या जुळणीत मूळ पानांचे आकडे समासात किंवा चौकटी कंसात देतो. राजवाड्यांच्या खंडांसारख्या पत्रसंग्रहात लेखांक, म्हणजे प्रत्येक पत्राचे अनुक्रमांक, असतात म्हणून आपलं निभावतं, खंड आणि लेखांक सांगितला की कुठल्याही आवृत्तीत पत्र सापडतं. बाकी पुस्तकांत ही सोय नाही.

तुम्ही एका फोटोत 'सन १८४०ची दुर्मीळ मराठी प्रत' असं दाखवलंय त्याबद्दल सांगायचं राहिलं. शीर्षकपानावर नीट बघा, 'शके १८४०' आहे. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे पुस्तक १९१८च्या आसपासचं. विकणाऱ्याने शकाचं सन करून किंमत चढवलीय. मुद्दाम की नकळत ते मी नाही सांगू शकत, पण त्या किमतीला ते घेऊ नका.

त्याच ओघात जुनी मूळ प्रत की पुनर्मुद्रण हेही. लोकांना वाटतं जितकी प्रत जुनी तितका कागद खराब, पण तसं नसतं. १८२०-३०च्या काळातला कागद चिंध्यांपासून केलेला, तो अजूनही लवचीक सापडतो. लाकडाच्या लगद्याचा कागद आल्यानंतरची, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईतली पुस्तकं मात्र हातात घेतली की कोपरे तुटून पडतात. १९४०च्या दशकातलं काही घेत असाल तर एका पानाचा कोपरा अलगद वाकवून बघा. कट्कन मोडला तर ती प्रत संग्रहात ठेवायची, रोज उघडायची नाही, वाचायला पुनर्मुद्रणच बरं. आणि पुण्याच्या पावसाळ्यात मूळ प्रती सांभाळायची तयारी आहे का याचाही विचार करा. बंद काचेच्या कपाटात दमट हवेने बुरशी धरते, आठवड्यातून एकदा दारं उघडी ठेवावी लागतात.

बांधणीबद्दल थोडक्यात. मोल्सवर्थ नऊशेवर पानांचा आहे, रोज उघडायचा ग्रंथ. तो नुसत्या गमवर चिकटवलेला असेल तर दोन उन्हाळ्यांत गम सुकतो आणि पानं सुट्टी होतात. कोश, काणे, फ्लोरा हे जुजबंदी केलेलेच घ्या, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवलेले. कणा वरून बघितला की घड्या वेगवेगळ्या दिसतात, गमवाल्यात सपाट एकसंध कड दिसते. ऑनलाइन घेताना हा एक फोटो मागवा. आणि आकार विचारा. मूळ कोश मोठ्या आकाराचा, तो खर्च वाचवायला छोट्या आकारात दाबला की अक्षर इतकं बारीक होतं की अनुस्वार आणि रफार भिंगाशिवाय दिसत नाहीत. त्यात स्कॅन निव्वळ काळ्या-पांढऱ्यात केलेली असेल तर बारीक टिंबं उडतात आणि कागदावरचे डाग अनुस्वार होऊन बसतात. नमुन्याला एक पान मागवायचं तर मुखपृष्ठ किंवा प्रस्तावना मागवू नका, मधलं सगळ्यात दाट पान मागवा, त्यातल्या टीपा वाचता येतायत का बघा.

मग फुकट पीडीएफ असताना पैसे का घालायचे? माझं उत्तर, सगळ्यांसाठी घालूच नका. मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतो, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. आपट्यांच्या १८९० आणि १९५७च्या दोन्ही आवृत्त्या कोलोन विद्यापीठाच्या संस्कृत कोशांत आहेत. केतकरांचा ज्ञानकोश, तेवीस खंडांचा, ऑनलाइन वाचता येतो. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं मोफत ठेवलीयत. शब्द शोधायला पडदाच चांगला. पण कोशात एक शब्द बघायला जाऊन शेजारचे दहा वाचण्याची सवय ज्याला आहे, आणि तुमच्या लिहिण्यावरून तुम्हाला ती आहे असं वाटतं, त्याने छापील मोल्सवर्थ घरात ठेवावाच. सलग वाचायचे ग्रंथ, डफ आणि काणे, हेही छापील. आपटे आधी वर्षभर ऑनलाइन वापरून बघा, तीन खंड घेण्याइतकी गरज पडते का ते तोवर कळेल.

आणि काहीही मागवायच्या आधी एकदा प्रत डोळ्यांनी बघा. पुण्यात राहून ही सोय वापरायची नाही म्हणजे काय. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, बुधवारात १८४८ पासूनचं नगर वाचन मंदिर, विद्यापीठात जयकर ग्रंथालय, येरवड्याला डेक्कन कॉलेज. तिथे मूळ किंवा चांगली आवृत्ती मागून घ्या, शीर्षकपान, शेवटचा पानक्रमांक आणि चित्रसूची एवढ्या तीन गोष्टी वहीत टिपून आणा. या तीन नोंदी हातात असल्या की कुठल्याही विक्रेत्याशी बोलताना तुम्हीच वरचढ. ग्रंथपाल मंडळी अशा माणसाला आनंदाने मदत करतात, फक्त दुपारच्या सुट्टीच्या वेळी जाऊ नका.

तुमच्यासाठी क्रम असा लावीन : पहिल्यांदा भांडारकरला जाऊन काणे, कारण तिथला एखादा खंड संपला तर पुन्हा छापून येईपर्यंत किती थांबावं लागेल ते सांगता येत नाही. मग मोल्सवर्थची १९७५ची जुनी प्रत शोधायला सुरुवात करा, तिला वेळ लागेल, घाई करून मध्येच ऑनलाइन घेऊ नका. कुक वनस्पती सर्वेक्षणाकडे चौकशी करून. डफ शेवटी, कारण तो कधीही मिळतो, पण मागवण्याआधी विक्रेत्याकडून दोन्ही खंडांच्या शीर्षकपानांचे आणि दोन्हींच्या शेवटच्या पानांचे फोटो घ्या. ते इथेच टाका, कोणती आवृत्ती आहे आणि काही गळलंय का ते बघून सांगतो.